तिसरी तार

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ती कामाला होती त्या औषधांच्या दुकानात त्यावर गोळी मिळत नव्हती. दुखणं म्हणजे तिची धाकटी बहीण. बँडमध्ये मागे उभं राहून गिटारवर साथीचे कॉर्ड वाजवता वाजवता थोरलीची बोटं झिजली. पुढे उभा राहून लीड गिटार वाजवणारा गाव सोडून गेला तेव्हा तिला वाटलं, चला, आता आपली पाळी. तर कुठून ही उपटली! कालपरवा गिटार हातात धरलेली पोर, तीही थोरलीनंच शिकवलेली. आणि वेल्डर खुशाल म्हणतो, "रविवारी दोघींचं ऐकू. जी भारी वाजवेल ती पुढे."

वेल्डर म्हणजे बँडचा ड्रमवाला. तालीम त्याच्याच वर्कशॉपमध्ये चालायची, त्यामुळे शब्दही त्याचाच चालायचा.

थोरलीनं सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा, घोटून घोटून पाठ केला. रेकॉर्डवर जसा, तसाच्या तसा. धाकटी मात्र सोफ्यावर लोळत, टीव्ही बघत वाजवायची. दर वेळी काहीतरी वेगळंच. आणि मेलं ऐकत राहावंसं वाटायचं! थोरली स्वयंपाकघरात भांडी आदळायची.

रविवारी वर्कशॉपमध्ये धाकटीनं नेहमीसारखी आपली गिटार पुढे केली. "ताई, लावून दे ना गं." तारा सुरात लावायचा तिला भारी कंटाळा, पहिल्या दिवसापासून ते काम ताईचंच. थोरलीनं बाकीच्या तारा नीट लावल्या. तिसरीची खुंटी मात्र केसभर सैल सोडली. सोलोचा सगळा जीव त्याच तारेवर होता.

"घे," ती साळसूदपणे म्हणाली. आता माघार कसली!

आधी थोरली वाजवून गेली. चूक काढायला कुठे जागा नव्हती. "व्यवस्थित," वेल्डर म्हणाला. नुसतं व्यवस्थित!

मग धाकटी. पहिलाच सूर उतरलेला निघाला. थोरलीनं श्वास रोखला. धाकटीची भुवई वर गेली, पण हात थांबला नाही. तार ओढली की सूर चढतो. तिनं बोटानं तार जराशी ढकलली आणि सूर जागेवर आणला. पुढचाही तसाच. मग एकेक सूर खालून उचलत, जागेवर नेत ती वाजवतच राहिली. रडून झाल्यावर माणूस बोलायला लागतो ना, तसं ते ऐकू येत होतं. वेल्डर काठ्या मांडीवर ठेवून बसून राहिला. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला संताप आला. आपली तार अशी उतरली असती तर आपण थांबलो असतो, हे तिला तिथंच कळलं.

"ठरलं," वेल्डर म्हणाला. "ही पुढे."

पहिल्या कार्यक्रमाआधी धाकटीनं पुन्हा गिटार पुढे केली. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वेळी सगळ्या तारा चोख लावायच्या, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"तिसरी नको गं," धाकटी म्हणाली. "ती त्या दिवशीसारखीच ठेव. जराशी उतरलेली."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. कळून म्हणतेय, की न कळून? धाकटी आरशासमोर केस बांधत होती.

"मी घरी करून बघितलं, मला नाही जमलं," ती म्हणाली. "तुलाच जमतं ते."

थोरलीनं मान खाली घातली आणि खुंटी केसभर सैल केली.