ओठांचा आरसा

मी

मी एक जुना हात-आरसा आहे. काच गोल, मूठ लाकडी, पाठीवरचा पारा एका कडेला उडालेला. मित्रांनो, माझी पहिली नोकरी न्हाव्याच्या दुकानात. केस कापून झाले की न्हावी मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा आणि गिऱ्हाईक समोरच्या मोठ्या आरशात बघून मान डोलवायचं. कितीतरी वर्षं मी माणसांच्या फक्त पाठीच पाहिल्या. दुकान बंद झालं तेव्हा फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं आणि मला एकदम तोंडं दिसू लागली.

तू

बाई घराच्या पुढच्या खोलीत वर्ग घ्यायच्या. नव्या विद्यार्थ्याच्या हातात आधी मी, मग पुस्तक. ओठ 'ऊ'चे कर, जीभ 'ई'ची ठेव, आता आवाज काढ. कुणाचे ओठ फाकले की मी लगेच चुगली करायचो. नाकातल्या स्वरांसाठी मला नाकाखाली धरत. काचेवर वाफ आली की जमलं.

सगळ्यांत ढ विद्यार्थिनी म्हणजे बाईंची थोरली नणंद. नातू परदेशी वाढत होता, त्याला फ्रेंचखेरीज काही येईना, म्हणून साठी उलटल्यावर वन्सं शिकायला बसल्या. बाई घरात त्यांना 'वन्सं, तुम्ही' म्हणायच्या आणि वर्गात 'तू'. माहेरी येऊन वहिनीची छडी खायची राहिली होती, तीही हौस फिटली, असं वन्सं सगळ्यांना सांगत सुटायच्या.

पहिलं क्रियापद 'बोलणे'. झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल; म्हणजे मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. हा एक साचा बसला की शेकडो क्रियापदं त्यातून भराभर निघतात, असं बाई सांगायच्या. वन्संचा साचा मध्येच चिरकायचा.

ती

एका सकाळी बाईंचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आल्या त्या मुक्याच. कळत सगळं होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येईल. तोंडाला काम द्या.

महिने सरत चालले. मुलगा जीव टाकणारा, पण उतावळा. आईचे ओठ हलले रे हलले की त्याची सरबत्ती सुरू व्हायची. पाणी? पंखा? गोळी? बाई मान हलवून सुटका करून घ्यायच्या. कधी नको असलेलं पाणीही पिऊन टाकायच्या.

वन्संनी एकदा मला बाईंसमोर धरलं. आपलं वाकडं तोंड दिसताच बाईंनी डाव्या हातानं मला भिरकावलं. काचेचा टवका उडाला. मी खणात गेलो. आत काळोख. बाहेरून मुलाचा आवाज यायचा, वन्संचा यायचा. ज्या आवाजासाठी मी कान टवकारून होतो, तो येत नव्हता.

आम्ही

एका दुपारी वन्संनी मला बाहेर काढलं, बाहीनं पुसलं आणि या वेळी स्वतःच्याच तोंडासमोर धरलं.

"वहिनी, तुझं राहू दे. माझी उजळणी घे."

झ पार्ल. त्यु पार्ल. इल पार्ल. आणि वन्सं अडल्या. मी इतकी तोंडं पाहिली आहेत की सोंग मला ओळखू येतं. हे सोंग नव्हतं. कपाळावर घाम, जीभ जागच्या जागी. मूठ हातात घसरली, मी तिरका झालो आणि माझ्यात बाई आल्या.

त्यांची हनुवटी थरथरत होती. त्यांना राग आला होता, अस्सल मास्तरणीचा राग. ओठ पुढे आले. गोल झाले.

"नू," बाई म्हणाल्या. "नू पार्लों."

मग थांबल्याच नाहीत. वू पार्ले. इल पार्ल.

"आजारातून उठून पण माझीच लाज काढलीस," वन्सं म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

ते

क्रमानं आता 'तुम्ही' यायला हवं. पण आधी ते मायलेक.

मुलाचा आनंद फार टिकला नाही. हे नुसतं पाठांतर, तो आत्याला म्हणाला, तिला साधं पाणी मागता येत नाही. खोटं नव्हतं ते. घसरगुंडीवरून यावेत तसे ते सहा शब्द यायचे. खाली पोचलं की पुन्हा शुकशुकाट. तरी वन्संनी उजळणी सोडली नाही, आणि बाईंनी मला पुन्हा ढकललं नाही.

मग एका संध्याकाळी बाईंचे ओठ माझ्यात हलले. उजळणीची वेळ नव्हती, बाईंनीच मला डाव्या हातानं तोंडासमोर धरलं होतं. मुलगा धावला. पाणी? पंखा? दिवा लावू? बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, आता मान हलणार. मान हलली नाही. जीभ दातांना टेकली, निसटली, पुन्हा टेकली. माझ्या काचेवर वाफेचा ठिपका उमटला.

"थां... ब."

आईचा स्वतःचा पहिला शब्द, आणि तो त्याच्यावरच डाफरणारा. तो मुकाट्यानं खुर्ची ओढून बसला.

तुम्ही

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. उडालेला टवका काही परत बसत नाही. पण तुमच्या घरी कुणाचा शब्द ओठांत अडला असेल, तर तो घाईनं ओढून काढू नका. तो तुम्हाला ठाऊक असेल, तेव्हा तर मुळीच नको.

बाईंना पुढे काय म्हणायचंय, मला माहीत नाही. मुलगा बसला आहे. बाईंचे ओठ हळूहळू उघडत आहेत.