मौलासाबची बाटली

परतूरच्या कापडबाजाराच्या तोंडाशी गौतमचंद ओस्तवालचं औषधाचं दुकान होतं, आणि त्रेपन्न सालच्या जुलैतल्या त्या सकाळी ते दुकान कमी आणि लग्नघर जास्त वाटत होतं. गावातून सात जण हजला निघाले होते. दुपारी दोनच्या गाडीनं मनमाड, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाज. पायरीवर निरोप द्यायला आलेली पोरंटोरं, गळ्यात हार घातलेली म्हातारी माणसं, ज्याला त्याला काहीतरी विचारायचं होतं, आणि गौतमचंद सगळ्यांना एकदमच उत्तर देत होता.

"टोचल्याचे दाखले मेणकापडात हायेत, पेटीत खाली ठेवू नका! बंदरावर पहिले तेच मागत्यात!"

देवी आणि पटकीच्या सुया त्यानंच सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांच्या मागे लागून वेळेवर टोचून घेतल्या होत्या. आता फळीवर सात बाटल्या रांगेनं उभ्या होत्या. हगवणीचं मिक्श्चर. प्रत्येक बाटलीवर आठ खुणांची कातरलेली कागदी पट्टी. एक खूण म्हणजे एक डोस, वाचता येत नसलं तरी चुकायची सोय नाही.

या सात बाटल्यांवर त्याचा जीव होता, त्याला कारण होतं. दोन वर्षांमागं मौलासाब पिंजारी हजला गेला होता. गौतमचंदच्या लग्नातल्या गाद्या त्यानंच भरल्या होत्या. जहाजावर त्याला हगवण लागली, आणि जेद्दा बंदर दिसायच्या आतच तो गेला. गौतमचंदनं त्याच्याबरोबर बाटली दिली होती. आपलं औषध कमी पडलं, हे शल्य त्याला दोन वर्षं टोचत होतं. म्हणून यंदा डॉक्टरांना विचारून त्यानं मिक्श्चरमधलं टिंक्चर वाढवलं होतं. यंदा कोणाला काही होऊ द्यायचं नाही, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं होतं.

बारा वाजता हलीमाबी आली. मौलासाबची बायको. यंदा ती भावाबरोबर निघाली होती. औषधाला येताना आपापली बाटली आणायची, ही तेव्हाची रीतच. तिनंही बुरख्यातून एक बाटली काढून फळीवर ठेवली.

"चाची, तुमची भरून ठेवलीय की. ही कशाला?" असं म्हणत त्यानं बाटली उचलली आणि त्याचा हात थबकला. बाटली जड होती. तिच्यावर पट्टी होती, त्यानंच कातरलेली, पिवळी पडलेली. औषध गळ्यापर्यंत होतं. आठच्या आठ खुणा जशाच्या तशा.

"ही... मौलासाबची?"

"व्हय बेटा. पेटीसंगं परत आल्ती."

"प्यालेच न्हाई ते?"

हलीमाबीनं मान खाली घातली. "बूच काढलं, वास घेतला आन् ठेवून दिली. संगतीच्या लोकायनं लय समजावलं. ते म्हणले, यात शराब हाय. अल्लाच्या घरी निघालो, तोंडाला कशी लावू?"

"दोन वर्षं झाली, चाची! मला सांगितलं का न्हाई?"

"तू जीव लावून बनवल्तं. कोन्या तोंडानं सांगू? पन आज मी निघून राह्यले, म्हणून सांगते. बिगर शराबीचं काही असंल तर दे. नसंल तर राहू दे. आमच्या सातांतलं कोनीबी हे पिनार न्हाई."

टिंक्चर स्पिरिटमध्ये मुरवतात, हे गौतमचंदला का ठाऊक नव्हतं? पंधरा वर्षं तो तेच ओतत आला होता. पण त्याच्या लेखी ते औषध होतं. ज्याच्या जैन घरात कांदाही येत नाही, त्या माणसाच्या फळीवर स्पिरिटची बरणी सुखानं नांदत होती, आणि तिला दारू म्हणायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. मौलवीसाहेबांना विचारलं असतं तर जीव वाचवायला चालतं असं ते म्हणालेही असते. पण भर समुद्रात, आजारी पडल्यावर, कोण कोणाला विचारणार?

आणि यंदा शहाण्यानं टिंक्चर वाढवलं होतं!

त्याच्या आईला, संतोषबाईंना, मध चालत नसे. खोकल्याचं औषध दिलं की 'यात मध न्हाई ना?' असं त्या दर वेळी विचारायच्या, आणि तो दर वेळी त्यांच्यासाठी साखरेचा पाक करून वेगळं औषध बनवायचा. आईला काय चालत नाही ते त्याला तोंडपाठ होतं. मौलासाबला त्यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं. लाजेनं त्याचे कान तापले.

"किती वाजले?" तो ओरडला. सव्वाबारा. "भुजंग! टांगा काढ!"

भुजंग टांगेवाला समोरच बिडी ओढत होता. गौतमचंदनं चिठ्ठी खरडली. मिक्श्चर रद्द, त्याऐवजी पोट बांधणारी खडू, बिस्मथ आणि मसाल्याची कोरडी पूड देऊ का? "डॉक्टरसायबाची सही घेऊन ये. जल्दी! जेवत असले तर ताटावरून उठव!"

टांगा धुरळा उडवत गेला. गौतमचंदनं सातही बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. लोक आ वासून बघत राहिले. बाटल्यांचा आवाज ऐकून मधल्या दारातून संतोषबाई आल्या.

"काय झालं रे? येडा झाला का तू?"

त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी हलीमाबीकडं पाहिलं, फळीवरच्या जुन्या बाटलीकडं पाहिलं आणि त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला दगडी खल होता, आणि ओच्यात दालचिनी, लवंगा, वेलदोडे. त्या खलाला दुकानातल्या माणसाचा हात लागला तर संतोषबाई घर डोक्यावर घ्यायच्या.

"दुकानातल्या खलात तुझं ते स्पिरिटचं सगळं कुटल्यालं हाय," त्या म्हणाल्या. "यात कूट."

त्यांनी स्वतःच बसकण मारली आणि कुटायला लागल्या. पण सत्तरीतला हात, चार घावांत दमला. हलीमाबी पुढं सरकली. संतोषबाईंचा हात बत्त्यावर क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी खल तिच्याकडं ढकलला. "घे. जोर लाव. पिंजाऱ्याच्या घरची हायेस ना?"

हलीमाबी खळखळून हसली आणि असा काही बत्ता चालवला की बरण्या हिंदकळायला लागल्या. भुजंग आला, चिठ्ठीवर सही आणि 'बिस्मथ थोडं वाढव' असा शेरा. गौतमचंद तोलत होता, चाळत होता, पुड्या बांधत होता. पांढऱ्या दोऱ्याची पुडी पोटाची, लाल दोऱ्याची मीठ-साखरेची, उन्हात फार घाम गेला तर पाण्यात घ्यायची.

"आन् पानी उकळून प्या," संतोषबाईंनी फर्मावलं. "आम्ही जन्मभर उकळलेलंच पिऊन राह्यलो. काय वाईट झालं?"

मौलासाबची बाटलीही गौतमचंदनं मोरीत उपडी केली, हलीमाबीच्या डोळ्यांदेखत कढत पाण्यानं तीनदा धुतली, नाकाला लावून दाखवली, आणि तिच्यावर आठ खुणांची नवी पट्टी चिकटवली. "यात उकळलेलं पानी ठेवा. एक पुडी, एक खूण पानी. बराबर?"

"बराबर," हलीमाबी म्हणाली.

पावणेदोन! हलीमाबी आणि बाकीचे सहा जण पुढं स्टेशनावर गेले होते. भुजंगाचा टांगा स्टेशनाकडं असा सुटला की गौतमचंदची टोपी बाजारातच राहिली. फलाटावर मुंगीला वाट नव्हती. गाडी येऊन उभी, हारांचा सडा, कोणी रडतंय, कोणी गळ्यात पडतंय. गौतमचंद बोडक्या डोक्यानं खिडकी खिडकीशी धावला आणि सातांच्या हातात पुडकी कोंबली. गाडी हलली तरी तो बरोबर पळत होता. "शराब न्हाई हो यात! वास घेऊन बघा!" सगळा डबा हसला. हलीमाबीनं खिडकीतूनच पुडकं नाकाशी धरलं आणि डोळे मिटून मान हलवली.

मग तीन महिने गौतमचंदला चैन नव्हतं. पोस्टमन दिसला की तो गल्ला सोडून पायरीवर यायचा.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी बाजारात एकच गलका झाला. गाडी आली होती. "सातीच्या साती आले!" भुजंग लांबूनच ओरडत आला, आणि त्याच्या टांग्यातून हलीमाबी उतरली. उन्हानं काळवंडलेली, वाळलेली, पण ताठ. घरी न जाता ती सरळ दुकानात आली आणि बुरख्यातून बाटली काढून फळीवर ठेवली.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. ते पाहून गौतमचंदचं काळीज हललं.

"भ्यू नको रे," ती म्हणाली. "झमझम हाय, मक्केच्या विहिरीचं पानी. तुझ्यासाठी आनलं. एडन बंदर गेलं आन् जहाजावर आमच्या बाजूच्या अर्ध्या लोकायची पोटं बिघडली. मलाबी दोन दिवस लागली. आमच्या पुड्या आम्ही घेतल्या, बाकीच्यायलाबी दिल्या. कोनी वास घेतला, कोनी न्हाई, पन घेतल्या समद्यायनं. एकबी उरली न्हाई."

गौतमचंदचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

संतोषबाई दारात येऊन उभ्या होत्या. हलीमाबीनं बाटली उचलून त्यांच्यापुढं धरली. "मांजी, तुमाला कच्चं पानी चालत न्हाई, ठाऊक हाय मला. उकळून घ्या. उकळल्यानं बरकत कुठं जाती?"

"आन् दिवस बुडाया आला," संतोषबाई म्हणाल्या. "बुडाल्यावर मला पानीबी चालत न्हाई. जल्दी दे."

त्यांनी लगबगीनं पट्टीवरची एक खूण पाणी पातेलीत घेतलं, चुलीवर उकळलं आणि तीन वाट्यांत ओतलं. पाणी कोमट व्हायची वाट बघायला सवड नव्हती. तिघंही फुंकर मारत, जीभ पोळवत प्याले, तेव्हा समोरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यांवर थोडं ऊन शिल्लक होतं.

गौतमचंदनं बाटली त्या उन्हात धरली. मौलासाबच्या बाटलीतलं पाणी बरोबर एका खुणेनं उतरलं होतं.