उलट्या बाणाचा व्हॉल्व्ह

मित्रांनो, मी एक पितळी व्हॉल्व्ह आहे आणि मला उलटं बसवलेलं आहे. हे ऐकून हळहळू नका. मला त्याची गरज नाही.

माझं घर अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका गिरणीगावात आहे. मालक ओव्हिला बोल्डक. चपलांच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्याने उरलेलं आयुष्य तेल वाचवण्याला वाहिलं. तळघरातला बॉयलर तेलावर पाणी तापवतो, ते पाइपांतून घरभर फिरतं आणि खोल्या उबदार होतात. पण एक नोव्हेंबरच्या, सर्व संतांच्या सणाआधी बॉयलर पेटवणं हे ओव्हिलाच्या मते चारित्र्य ढासळल्याचं लक्षण. शिवाय घरात थर्मोस्टॅट एकच, तोही स्वयंपाकघरात, लाकडाच्या शेगडीला खेटून. शेगडी पेटली की त्याला वाटायचं घर तापलं, आणि तो बॉयलर बंद करायचा. मग उत्तरेच्या खोलीत श्वासाची वाफ दिसायची.

त्या खोलीत राहायला आली अल्मा, ओव्हिलाच्या बायकोची, डेल्फीनची थोरली बहीण. छाती नाजूक, डोळे अधू, जीभ मात्र ठणठणीत. डेल्फीनचा मुलगा जील खोली पाहून म्हणाला, "आई, इथे मावशी ठेवलीय की मासळी? नाताळपर्यंत खोली तापली नाही, तर मी तिला वृद्धाश्रमात नेणार."

"ताई कुठेही जाणार नाही," डेल्फीन म्हणाली आणि आम्हाला घेऊन आली. आम्ही तीन व्हॉल्व्ह, घराच्या तीन भागांसाठी. प्रत्येक भागाला आपला थर्मोस्टॅट. तो थंडी वाजतेय म्हणाला की आपला व्हॉल्व्ह उघडणार, पंप सुरू होणार. उत्तरेची खोली माझ्या वाट्याला आली.

"प्लंबर बोलाव," डेल्फीन म्हणाली.

"गिरणीतली यंत्रं कोण दुरुस्त करायचं? प्लंबर?" ओव्हिला म्हणाला आणि करवत घेऊन तळघरात उतरला.

त्याने बॉयलरचं पाणी सोडलं, पाइप कापले, टोकं घासून चकचकीत केली. माझं मोटारीचं डोकं काढून ठेवलं आणि मगच ज्योतीने सांध्यांना कथलाचा डाग दिला, हे मान्य करायला हवं. नाहीतर मी तिथेच जळून गेलो असतो. माझ्या पितळी पोटावर पाणी कुठून कुठे जावं याचा बाण कोरलेला आहे. पण बाण बरोबर ठेवला तर तारा जोडायच्या जागा भिंतीकडे यायच्या आणि ओव्हिलाला वाकावं लागायचं. ओव्हिला कुणापुढे वाकत नाही. त्याने मलाच फिरवलं.

उलट्या व्हॉल्व्हचं काय होतं? उघडताना काही नाही. बंद होताना मात्र मागून येणारं पाणी माझा आतला पडदा धाडकन आपटतं आणि घरातले सगळे पाइप दणाणतात. पहिल्यांदा मी मिटलो तेव्हा डेल्फीनच्या हातातली घेवड्याची वाटी निसटली.

"पितळ नवीन आहे," ओव्हिला म्हणाला. "बसेल हळूहळू."

मी बसलो नाही. बसणारही नव्हतो.

मग खरी थंडी पडली. अल्माची खोली उबदार झाली, पण थर्मोस्टॅटच्या चकतीवर लावलेला आकडा खोलीला गाठता येईना. त्यामुळे मी दिवसभर उघडाच राहू लागलो. आता मी आपटायचो तो एकाच कारणाने. ओव्हिला रोज दुपारी मेहुणीला कॉफी नेऊन द्यायचा. केवढा तो जिव्हाळा! कप देताना तो भिंतीला जरा टेकायचा आणि कोपराने चकती खाली सरकवायचा. अल्माला ते दिसत नसे. पण तो जिन्यात अर्ध्यावर पोचेपर्यंत मी मिटलेलो असे.

धाड!

"ओव्हिला!" खालून डेल्फीन. "परत वर जा आणि होती तिथे लाव!"

"मी कुठे काय केलं?"

"केलं नसशील तर पाइपांनी केलं. जा!"

वरून अल्माही चढ्या आवाजात, "काय ओव्हिलाशेट, कॉफीत साखर विसरलात वाटतं?"

नाताळच्या जेवणाला जील आला. मावशी गालांवर लाली घेऊन मटण भरलेल्या पाय-पेस्ट्रीचा दुसरा तुकडा मागत होती. वृद्धाश्रमाचं नाव त्याने काढलं नाही. पण जेवणानंतर मावशी वर गेली, ओव्हिला तिला कॉफी देऊन आला, मी आपटलो आणि दुसऱ्याच दिवशी जीलने प्लंबर पाठवला.

प्लंबरने माझ्यावर उजेड टाकला. "हा उलटा आहे, काका. पाणी काढून फिरवतो. हूं की चूं करणार नाही."

ओव्हिलाचे डोळे चमकले. मी गप्प झालो की कोपराला रान मोकळं. मग अल्मा गारठणार, जील येणार, आणि पुढचं ठरलेलंच. मला सरळ व्हायचं नव्हतं. पण मी पडलो पितळेचा, बोलणार काय?

बोलली डेल्फीन, जिन्यातून. "उलटा? माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बसवलाय तो. काय रे ओव्हिला, चुकलास?"

ओव्हिलाने बाणाकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग प्लंबरच्या चेहऱ्याकडे, जो ही चूक सांगत संध्याकाळपर्यंत गावभर फिरणार होता.

"बरोबर आहे तो," ओव्हिला म्हणाला. "हात लावायचा नाही."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या शहाण्या, सरळ बसलेल्या वस्तूंची जरूर निगा राखा. त्यांना तेल द्या, त्यांची धूळ पुसा. माझ्यासाठी एवढंच करा: मला फिरवू नका. वर अल्मा आहे, दुपार होत आलीय, आणि जिन्यावर कॉफीचा वास येतोय.