फाईलीतला तुलाराम

तुमसरच्या त्या राईस मिलात नोकरीच्या अर्जाचं आयुष्य दिवाळीपर्यंतचं. शेठजींचा हुकूमच होता: झाडझूड झाली की सालभराचे अर्ज कोंड्यासोबत भट्टीत. शहात्तर साली तर इतके अर्ज जळले म्हणतात, की त्या आचेवर उकडलेला तांदूळ ज्यानं ज्यानं खाल्ला त्याला रात्रभर नोकरीची स्वप्नं पडली.

जाळायचं काम मिलातले बाबू मधुकरराव यांचं. जीभ मात्र त्यांची लोण्याची. कुणी विचारायला आला की म्हणायचे, "फाईलीत आहे नं बापू. जागा निघाली की कळवू." एवढ्यावर माणूस हसत घरी जातो, मग म्हणायला काय जातं?

आंबागडच्या तुलारामनं ते बोलणं गाठीला बांधलं. रोज सकाळी दाढी, इस्तरीचा शर्ट, अन् पोस्टमनची वाट. त्याला चुकवायला पोस्टमन किल्ल्याच्या डोंगराला वळसा घालून गावात शिरे. डोंगराभोवतीची ती पायवाट पोस्टमनच्याच पायांनी पडलेली. वरठीच्या कारखान्यात भरती निघाली, तर हा म्हणे, "माहा अर्ज तिकडं फाईलीत आहे, मी वरठीले कायले जाऊ?"

चौथ्या वर्षी त्याची बायको रुखमा मिलात येऊन उभी राहिली.

"साहेब, आमच्या घरच्याइचा अर्ज फाडून टाका."

"काहून बाई?"

"तो कागद इथं आहे तवर ते हालत नाईत. मी एकटी मजुरीले जाऊन राहिली. उद्या वरठीले पुन्हा भरती आहे. माह्या डोळ्यादेखत फाडा."

 मधुकररावांनी कपाटातून कुणाचा तरी अर्ज काढला अन् फाडायला धरला.

"थांबा! हा नाई. आमच्या अर्जावर सासूनं हळदकुंकू लावलं होतं."

मधुकररावांना आठवलं. भट्टीत टाकताना ते कुंकू बोटाला लागलं होतं, अन् त्यांनी ते धोतराला पुसलं होतं.

"जाळला," ते म्हणाले. "पहिल्याच दिवाळीले."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मंग चला," ती एवढंच बोलली. "हे तुम्हीच सांगा. माह्यावर त्याइचा इस्वास बसणार नाई."

सायकल हातात धरून मधुकरराव तिच्यामागं चालत गेले. वर बसायची हिंमत झाली नाही.

"अवं, खुद्द साहेब!" तुलाराम लांबूनच धावला. बाज टाकली गेली. म्हातारी माय तबक घेऊन आली अन् तिनं मधुकररावांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं.

"निघाली नं जागा, साहेब?"

लोण्याची जीभ अजून तयार होती. दारात रुखमा उभी होती.

"नाही रे बापू. तुझा अर्ज मी कवाच जाळला. फाईलीत काही नव्हतंच."

 तुलारामनं अंगातला इस्तरीचा शर्ट काढला, घडी केली अन् रुखमाच्या हाती दिला.

"ठेव. उद्या वरठीले लागेल."

मधुकररावांना कुणी ऊठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. कपाळावरचं ते कुंकू साबणानं गेलं नाही, चिंचेनं गेलं नाही. दिवाळीपर्यंत तसंच होतं, असं तुमसरात अजून सांगतात.