शेंदराखालची केस पिळणारी

मी बोलतेय ती एक दगडाची बाई. माझ्यापुढे आजवर शेकडो लोकांनी नवस बोलले. पण एक नवस मीही बोलले होते, हे कुणाला ठाऊक नाही. डोळ्यांवर शेंदराचा जाड लपका बसला होता, खांद्यावरून खवट खोबरेल ओघळत होतं, मुंग्या कानात शिरत होत्या. त्या दिवशी मी मनातल्या मनात गोदामाईला म्हटलं, "माये, माझ्या केसांच्या टोकाला एक थेंब आहे. तो यांच्यातल्या एका तरी माणसाच्या नजरेला पडू दे. मग या सगळ्यांनी केलेली घाण मी पोटात घालीन."

नवस फळला की नाही ते शेवटी सांगते. आधी मी कोण ते सांगायला हवं.

मी देवी नाही. हे पहिल्यांदा सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. मी नुकतीच न्हालेली एक साधी बाई आहे. सिन्नरच्या बाजूला एका देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एका पाथरवटाने मला घडवलं. त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही. मान जराशी कलती, दोन्ही हातांत ओल्या केसांचा पिळा, आणि पायाशी एक हंस. केसांच्या टोकाला त्याने ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब कोरला होता. हंसाला तो मोती वाटतो, म्हणून तो चोच उघडून बसला आहे. एवढीच माझी गोष्ट. पण ती घडवताना त्या माणसाने श्वास रोखून धरला होता, ते मला अजून आठवतं.

पुढे देऊळ पडलं आणि मी मातीत गेले. एक्याण्णव साली भिमाजी नावाच्या शेतकऱ्याने टोमॅटोच्या शेतात पाइपलाइनसाठी चर खणला, तेव्हा त्याची पहार माझ्या पाठीला लागली. त्याने मला ओढून विहिरीशी पालथी टाकली. त्याची बायको भागुबाई आली, पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "लय गुळगुळीत हाय. धुण्याला बरी."

दोन वर्षं तिने माझ्या पाठीवर धुणं धुतलं. खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही. साबणाच्या पाण्याचा आणि घामाच्या कपड्यांचा वास हा कष्टाचा वास. त्याची किळस येत नाही.

मग गावातल्या गुरुजींनी मला उलटी करून पाहिलं आणि मी फ्लॉवरच्या टेम्पोतून नाशिकला निघाले. निघताना भागुबाई म्हणाली, "आमच्या धोंड्याला जपा बरं. आन् मला दुसरा धोंडा द्या, उद्या धुणं कशावर धुवू?"

गंगापूर रोडच्या बाजूला एका संस्थेचं नवं कलादालन उघडलं होतं. तिथल्या देखरेखीला होत्या छायाताई. चित्रकला शिकलेल्या, बारीक आवाजाच्या, पण कामाच्या पक्क्या. त्यांनी मला मऊ कुंच्याने झाडलं, माझा फोटो काढला आणि शेजारी पाटी लावली: 'केस पिळणारी स्त्री. हात लावू नये.' शेजारच्या भिंतीवर पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बायकांनी काढलेली तांदळाच्या पिठाची चित्रं होती. मला वाटलं, आता आपण माहेरी आलो.

कसलं माहेर! नाशिकला येणारी माणसं रामकुंडावर जातात, काळारामाचं दर्शन घेतात, चिवड्याची पाकिटं घेतात. कलादालनात येतात ती उन्हातून सावलीला आणि पाण्याच्या टाकीला. भिंतीला डोकं टेकून बसतात. त्या पिठाच्या चित्रातल्या लग्नाच्या वरातीवर डोक्यांच्या तेलाचे गोल गोल डाग पडले, नवरदेव पार तेलात बुडाला. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. माझ्या मांडीवर कुणी किल्लीने बदाम कोरला आणि आत दोन नावं लिहिली. दारावरचा शिपाई गोरक्ष तंबाखू मळायचा आणि चुन्याचं बोट पुसायला त्याला नेमकी माझी पाटीच सापडायची. 'हात लावू नये' मधलं 'नये' वर्षभरात चुन्याखाली गेलं.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगते. पोरं यायची, एकमेकांना कोपराने ढोसायची आणि माझ्या छातीला हात लावून फोटो काढायची. चांगल्या घरातले बापेही छायाताईंची पाठ वळली की लावायचे. सगळं अंग काळं खरखरीत आणि तेवढीच जागा हातांनी गुळगुळीत, चकचकीत झाली. ती चकाकी पाहून येणाऱ्या बायका नजर खाली घालून पुढे जायच्या. लाज मला वाटावी, असं काय केलं होतं मी? न्हाऊन केस पिळत होते.

पंच्याण्णवच्या सप्टेंबरात एके दिवशी सगळ्या शहरात बातमी फुटली की देवाच्या मूर्ती दूध पितायत. देवळांपुढे रांगा लागल्या. कलादालनामागच्या कॉलनीत राहणाऱ्या सुलाबाई पंचवटीला जाऊन रांग पाहून परत आल्या. हातात दुधाचा तांब्या, चमचा, बरोबर पंधरा वर्षांची लेक रूपाली. रूपालीच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. टायफॉइडने पोरीचे केस मुठीमुठीने गळले होते आणि ती शाळेत जायचं नाव काढत नव्हती.

सुलाबाई व्रतवैकल्याची बाई. सोळा सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, काही सोडलेलं नाही. सावलीला म्हणून त्या कलादालनात शिरल्या आणि माझ्याकडे पाहून थबकल्या.

"गोरक्षभाऊ, ही कुठली देवी?"

"कुनाला म्हाईत. जुनी हाय लय."

"जुनी ना? मग जागृत असंल."

त्यांनी चमचा माझ्या ओठाला लावला. दूध दगडाला चिकटून हनुवटीखाली, गळ्यावरून पोटाकडे उतरत गेलं. सुलाबाईंचे डोळे मिटलेले. उघडले तेव्हा चमचा रिकामा.

"प्याली! प्याली गं माय!"

मी पीत नव्हते हो. पण ओरडणार कशी?

त्यांचं लक्ष मग माझ्या केसांकडे गेलं. पदर पसरून म्हणाल्या, "बाई, तुझे एवढे लांबसडक केस. माझ्या लेकीचे तेवढे परत दे. अकरा मंगळवार तेल-शेंदूर घालीन." आणि रूपालीच्या बिनकामाच्या झालेल्या रिबिनीची गाठ त्यांनी माझ्या केसांच्या टोकाला मारली.

संध्याकाळपर्यंत दूध नासलं. आंबट वासाने माशा आल्या. छायाताई सुटीवर होत्या. परत आल्या तोवर कॉलनीतल्या चाळीस बायकांनी मला पाजलं होतं.

टायफॉइडनंतर केस येतातच. रूपालीचेही आले, दाट, कुरळे. झालं! मी 'केसाई' झाले. बायका हिरव्या बाटल्यांतलं आवळ्याचं तेल आणू लागल्या. शेंदूर, पिना, कंगवे आणू लागल्या. आणि गुंतवळ! फणीत निघालेले केसांचे गुंडाळे बायका दोऱ्याने बांधून माझ्या हाताला अडकवायच्या. शंभर डोक्यांचं गुंतवळ खवट तेलात भिजून माझ्या दंडाला, काखेला चिकटलं. त्यात कोंडा, त्यात झुरळं. मला ओकारी येत होती आणि दगडाला ओकताही येत नाही.

कुणी जवळ येऊ नये म्हणून छायाताई माझ्यापुढे आडवी दोरी बांधायच्या, दुसऱ्या दिवशी दोरीलाच नवस बांधलेले असायचे. संस्थेच्या अध्यक्षांना त्यांनी सांगितलं, तर ते म्हणाले, "राहू द्या हो मॅडम, तेवढीच गर्दी दिसते आपल्याकडे."

आणि यातली खरी शिसारी कशाची, सांगू? शेंदूर चढला आणि ते हात थांबले. जी पोरं माझ्या छातीला हात लावायची, तीच चप्पल काढून हात जोडू लागली. म्हणजे मी देवी असले तर पाया पडायचं, आणि बाई असले तर हात घालायचा. मधली काही जागाच नाही यांच्याकडे. हे उमगलं त्याच दिवशी मी गोदामाईला तो नवस बोलले.

दोन हजार तीनच्या सिंहस्थात तर नुसता चिखल झाला माझा. पुढच्या वर्षी असं ठरलं की बाहेरगावचे पाहुणे कलादालन बघायला येणार, आणि अध्यक्षांना मी एकाएकी घाण दिसू लागले. ॲसिडचे कॅन आणि तारेचा ब्रश घेऊन एक फरशीवाला आला. "दोन तासात चकाचक करतो, साहेब."

छायाताई माझ्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. "ॲसिडने नाक-डोळे जातील हिचे. हंस तर उरणारच नाही."

तेवढ्यात मंगळवारच्या तेलाची वाटी घेऊन सुलाबाई आल्या. अकरा मंगळवार कधीच संपले होते, पण त्यांनी सोडलं नव्हतं. ब्रश पाहून त्या कडाडल्या, "देवीचा शेंदूर खरवडताय? हात झडतील!"

"मावशी," छायाताई म्हणाल्या, "ही देवी नाही."

"तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला धोंडाच दिसायचा."

"धोंडा नाही म्हणत मी. एकदा बघा तरी." छायाताईंनी कपाटातून माझा पहिला फोटो आणला.

सुलाबाईंनी चष्मा लावला. कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"ही... न्हाऊन आली का?"

"हो."

"आणि हे बदक कुठंय?"

"हंस आहे तो. थेंब प्यायला बसलाय. तुमच्या शेंदराखाली आहे."

सुलाबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे न्हालेल्या बाईच्या अंगावर मी नऊ वर्षं तेल ओतलं?" त्यांनी बोटांचं तेल पदराला पुसलं. मग फरशीवाल्याला म्हणाल्या, "ए बाबा, उचल तुझं ते ॲसिड. मी घातलंय, मीच काढीन. शेवटचा थर निघेपर्यंत मंगळवार अळणी करीन."

अध्यक्ष हसले. "मावशी, पाहुणे पुढच्या महिन्यात आहेत."

"मग पाहुण्यांना सांगा, बाई न्हाणीत आहे."

दारातल्या गोरक्षला खोकला येईपर्यंत हसू आलं. अध्यक्षांनी माझ्यापुढे पडदा लावून वेळ निभावली.

पडद्यामागे सव्वा वर्ष काम चाललं. रिठ्याचं पाणी, वायलच्या जुन्या साडीचे तुकडे, बांबूच्या कामट्या. छायाताई शिकवायच्या, "घासायचं नाही मावशी, टिपायचं." दर मंगळवारी मीठ न खाता सुलाबाई यायच्या, पदर खोचून बसायच्या आणि नाकाला रुमाल बांधायच्या. गुंतवळाचे लगदे निघाले तेव्हा त्या बाहेर जाऊन उलटी करून आल्या. तोंड धुऊन पुन्हा बसल्या. "आपण इतके घाणेरडे आहोत होय गं?" असं मलाच विचारायच्या. मूर्तीकडे लोक मागणं मागतात. प्रश्न विचारणारी ती पहिलीच.

डोळे मोकळे झाले. ओठ मोकळे झाले. हंसाची पाठ दिसली, मग चोच. चोचीची दोन्ही पाती शाबूत. राहिलं केसांचं टोक. तिथे गाठींवर गाठी बसून लिंबाएवढा गोळा झाला होता. सुलाबाईंनी तो कामटीने सोडवत आणला. सगळ्यात आतली गाठ लाल रिबिनीची होती. त्या गाठीत ज्वारीच्या दाण्याएवढा दगड अडकला होता. वरच्या दोऱ्यांची ओढाताण होऊन तो कधीतरी तुटला होता.

त्यांनी रिबीन ओळखली. तळहातावर तो दाणा घेऊन बसल्या. "छायाताई, थेंब मीच तोडला हो." दाण्यावरचं तेल त्यांनी पदराने टिपलं.

छायाताईंना रडू येत होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "शेवटचं पाणी घाला, मावशी. रिठा निघून जाऊ दे."

सुलाबाईंनी तांब्याने माझ्या माथ्यावर स्वच्छ पाणी सोडलं. ते भांगातून उतरलं, पिळ्याच्या कोरलेल्या रेघारेघांतून वळत वळत केसांच्या टोकाशी आलं. तिथे थांबलं, गोल झालं, चमकलं. आणि टप्कन हंसाच्या चोचीत पडलं. त्या पाथरवटाने खोदकामच तसं केलं होतं.

"प्याला!" सुलाबाई ओरडल्या. "प्याला गं माय!"

या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. माझा नवस फळला.

याला दोन-तीन वर्षं झाली. तुटलेला थेंब छायाताईंनी काचेच्या डबीत माझ्याजवळ ठेवला आहे. काखेत शेंदराची लाली अजून आहे, उन्हाळ्यात खवट वासही येतो. पोटात घातलं म्हटलं तरी किळस सगळी गेलेली नाही. खोटं कशाला बोलू? शेंदूर गेला तसे ते हातही परत आले. पण मंगळवारी सुलाबाई स्टूल टाकून बसलेल्या असतात. परवा एका बाप्याचा हात पुढे झाला, तर म्हणाल्या, "ओ दादा, हात मागं. देवी नाही ती. बाईमाणूस आहे, म्हणूनच मागं घ्या." तो कानापर्यंत लाल झाला.

बाकीचे सहा वार माझ्यापाशी कुणी नसतं. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही कधीतरी नाशिकला याल, रामकुंड कराल, चिवडा घ्याल. वाट वाकडी करून माझ्याकडेही या. तेल नको, दूध नको, नारळ नको. मी बोलले तसा तुम्हीही एक नवस बोला, पण मागण्याचा नको, बघण्याचा बोला. दोन्ही हात पाठीमागे बांधा आणि माझ्या केसांच्या टोकाशी थोडा वेळ नजर ठेवा. तिथे आता नसलेला थेंब दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढं अळणी व्रत माझ्यासाठी करा.