सात हजार ओळींचा सांभाळ

औषधाच्या खोक्यावर बोट फिरवलं की उंचवट्याचे ठिपके लागतात. ज्यांना दिसत नाही ते त्यावरून औषधाचं नाव वाचतात. आमच्या छापखान्यात अक्षरांचे ठिपके करणारा संगणकाचा कोड आमचा नाही. तो एका गृहस्थांनी लिहून जगाला फुकट वापरायला ठेवलाय. अशा कोडला आम्ही लायब्ररी म्हणतो आणि त्या गृहस्थांना ठिपकेवाले. दोन वर्षांपूर्वी ठिपकेवाले गप्प झाले. दुरुस्त्या नाहीत, पत्रांना उत्तर नाही. मग गेल्या महिन्यात त्यांच्या पानावर एक ओळ आली: 'कुणी सांभाळायला घेईल का? नाहीतर महिनाअखेरीस बंद करतो.'

ही लायब्ररी कोण कोण वापरतं ते मी शोधलं. एक्केचाळीस अंध शाळा, नऊ वाचनालयं, लिफ्टची बटणं बनवणारे दोन कारखाने. एवढा डोलारा एका माणसावर उभा, आणि त्याला आम्ही साधं नावानंही ओळखत नव्हतो.

"घेऊ का मी?" नवऱ्याला विचारलं. तो बस चालवतो.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर भाज. पण मग चिडचिड माझ्यावर काढू नकोस."

"मी चिडत नाही," मी चिडून म्हणाले.

घेण्याआधी कोड तर बघू, म्हणून शनिवारी बसले आणि कपाळाला हात लावला. कोडमधल्या भागांना दिलेली नावं काय, तर कावळा, पिंप, झरोका, ढब्बू. माणूस कोड लिहीत होता की अडगळीची यादी करत होता? शिवाय प्रत्येक भागाखाली 'इथे पिंप संपलं', 'इथे कावळा संपला'. अहो, दिसतंय की ते! मला पसारा सहन होत नाही. दोन दिवस खपून मी सगळ्यांची नावं खूण एक ते खूण चाळीस केली, 'संपलं'च्या पाट्या उडवल्या आणि मोठ्या ऐटीत ठिपकेवाल्यांना पाठवून दिलं.

सोमवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ठिपकेवाले कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होते. माझं प्रत्येक वाक्य त्यांच्या पत्नी त्यांच्या कानाशी मोठ्यांदा परत म्हणायच्या.

"तुमचं काम ऐकलं मी," ते म्हणाले.

"म्हणजे बघितलंत ना?"

"ऐकलं. मला जन्मापासून दिसत नाही. यंत्र वाचतं, मी ऐकतो. सोळा वर्षं असंच लिहिलं. आता कानही दगा देतायत. एकेक ओळ चार-चारदा ऐकावी लागते, म्हणून सोडतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काम नेटकं आहे तुमचं. माझ्या दोन चुकाही काढल्यात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "फक्त खूण सव्वीस आली तेव्हा खूण सोळा काय होती, ते आठवेना."

"दुरुस्त्या पाठवणारे अजून सहा जण आहेत," पत्नी म्हणाल्या. "त्यांतल्या चौघांना दिसत नाही."

मी विचार करून कळवते म्हणाले. मग मीटिंगच्या रिकाम्या खोलीत जाऊन स्क्रीन बंद केला, कानाला हेडफोन लावले आणि यंत्राला वाचायला सांगितलं. आधी माझा कोड. खूण तीन, खूण तेरा, खूण तेवीस. दोन मिनिटांत मी कुठे आहे तेच कळेना. मग त्यांचा लावला. झरोक्यातून एक अक्षर घ्या. पिंपात टाका. पिंप भरलं तर कावळ्याला द्या. इथे पिंप संपलं. डोळे मिटूनही मला ते पिंप भरताना दिसत होतं. एकही नाव दुसऱ्यासारखं वाजत नव्हतं. सात हजार ओळी या माणसाने नुसत्या कानावर उभ्या केल्या होत्या, आणि मागून येणाऱ्याला ठेच लागू नये म्हणून वळणावळणावर पाटी लावली होती. मी त्याला अडगळ म्हणाले होते.

माझी सगळी साफसफाई मी फेकून दिली, त्या दोन चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या ठेवल्या. त्यांना लिहिलं, 'घेते. सांभाळीन.'

पहिलं काम एक नवीन भाग जोडायचं होतं. रविवारी स्वयंपाकघरात उभी राहून मी नावं मोठ्यांदा म्हणून बघत होते.

"चिमटा. टोपली. ढोली."

"ढोली नको," नवरा भांडी विसळता विसळता म्हणाला. "तुझा तो ढब्बू आहे ना आधीच?"

टोपली ठेवली. ठिपकेवाल्यांना पाठवलं आणि दुपारभर फोनपाशी घुटमळले. संध्याकाळी त्यांच्या पत्नीचं एका ओळीचं उत्तर आलं.

'एकदाच ऐकावं लागलं, म्हणाले.'