आईला बोलता येत नाही

शिंपीणबाईंचा आवाज गेला तो एका सोमवारी सकाळी, गिऱ्हाइकाला पॅंटची लांबी किती कमी करायची ते समजावून सांगताना. "दोन बोटं" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. आधी त्यांना वाटलं, घशात टाचणी अडकली. टाचण्या त्या कायम ओठांत धरत. पण टाचण्या मोजल्या तर सगळ्या भरल्या.

दुपारी त्या घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या. लेकही सोबत होती, कारण लेक नेहमीच सोबत असे. ती अठ्ठावीस वर्षांची होती, चाकांच्या खुर्चीत बसे, आणि तिचे हातपाय तिचं ऐकत तेव्हा ऐकत, नाहीतर आपापल्या मर्जीने वागत. जीभही त्यातलीच. शब्द काढायचा तर आधी श्वास, मग मान थोडी डावीकडे, मग एकेक अक्षर. डोकं मात्र असं की कुणाचा कोट कधी आला, कोणतं बटण तुटलं होतं, कधी द्यायचा, हे सगळं दुकानात तिलाच पाठ. आई तिला अजून छकुली म्हणायची.

डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही फार बोलता का?"

छकुलीने श्वास घेतला, मान वळवली आणि म्हणाली, "दोघींचं."

डॉक्टरांनी सवयीने आईकडे पाहिलं. आई भाषांतर करायला सरसावली आणि पुन्हा हवाच आली.

तेव्हा डॉक्टरांनी आपली खुर्ची छकुलीकडे वळवली, दुसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, की स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत, राबणाऱ्या हाताला घट्टे पडतात तशा. चौदा दिवस एक शब्द नाही. कुजबुजही नाही.

अठ्ठावीस वर्षं या बाईंनी दोघींचं बोलणं एकटीने ओढलं होतं. "हिला बरं वाटतंय का?" असं कुणी विचारलं की उत्तर आईचं. "हिला पंखा हवा का?" उत्तर आईचं. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्या माणसांना छकुलीला काय वाटतंय तेही आईनेच सांगितलं होतं. आणि आता शिंपीणबाई दुकानात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, हातात शिंप्याचा खडू आणि काळ्या अस्तराचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यावर लिहायचं आणि झटकून पुसायचं.

मंगळवारी बसचालक आला. गणवेशाची पॅंट कमरेत सैल करायला टाकली होती.

"झाली का बाई?"

शिंपीणबाईंनी घशाकडे बोट दाखवलं, मग लेकीकडे. बसचालक खुर्चीसमोर वाकला आणि पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कशी... आहेस... तू?"

छकुलीने श्वास घेतला. "ब," ती म्हणाली.

"बरी?" बसचालक म्हणाला.

तिने मान हलवली. "बहि..."

"बहीण? तुला बहीण आहे?"

ती थांबली. त्याचे अंदाज संपेपर्यंत तिने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. मग सबंध वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. "बहिरी नाही मी."

बसचालकाचे कान लाल झाले. "माफ करा हं," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला.

"पॅंट झाली. दोन इंच सोडलीय. पुढच्या वेळी कापड उरणार नाही. कमी खा. मागेही सांगितलं होतं."

एवढं सांगायला तिला सव्वा मिनिट लागलं. बसचालक शेवटपर्यंत उभा राहिला. मग विचारात पडून म्हणाला, "पण मागच्या वेळी बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणताय की माझी तब्येत सुधारलेली दिसते."

दोघांनी शिंपीणबाईंकडे पाहिलं. त्यांना तेवढ्यात मशीनखाली पडलेली रीळ शोधायची होती. त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत.

बुधवारी खरी पंचाईत झाली. अंघोळीला नेताना छकुलीला खुर्चीतून उचलून स्टुलावर ठेवावं लागे. आई "एक, दोन, तीन" म्हणे आणि तीनला दोघी मिळून जोर लावत. त्या दिवशी मोजणार कोण? आईने मान तीनदा हलवली. छकुलीला वाटलं, नको म्हणतेय. आईने उचललं तेव्हा ती सैल बसलेली होती, आईच्या उजव्या खांद्यात कळ आली, आणि दोघी हळूहळू, अगदी सभ्यपणे, न्हाणीघराच्या फरशीवर येऊन बसल्या.

लागलं कुणालाच नाही. पण उठताही येईना. आई भिंतीला टेकून खांदा चोळत राहिली. तो खांदा गेली तेरा वर्षं दुखत होता आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. छकुलीला अर्थातच माहीत होतं. तिचे केस मुलासारखे बारीक कापलेले असत, ते त्या खांद्यामुळेच. लांब केस धुवायचे म्हणजे हात वर धरून ठेवावा लागतो.

"मदत हवी," छकुली म्हणाली.

आईने जोरात मान हलवली. हा विषय पूर्वीही निघाला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी घरी मदतनीस पाठवणाऱ्या केंद्राचं पत्रक दिलं होतं आणि आईने ते बॉबिनच्या डब्याखाली गाडून टाकलं होतं. परक्या माणसाचा हात लेकीला लागायला नको. मी आहे ना.

"तुला नाही," छकुली म्हणाली. "मला."

आईने बोटाने ओल्या फरशीवर काहीतरी लिहायचा प्रयत्न केला, पण पाण्यावर लिहिलेलं कुठे टिकतं. अर्ध्या तासाने स्टूल, बादली आणि दाराची कडी यांच्या आधाराने दोघी कशाबशा वर आल्या.

गुरुवारी सकाळी छकुलीने फोन समोर ठेवायला सांगितला. पत्रकावरचा नंबर तिला दोन वर्षं पाठ होता. आईने तो लावून दिला. मनाविरुद्ध, पण लावला.

"घरगुती मदत केंद्र, बोला."

छकुलीने श्वास घेतला. मान वळवली.

"हॅलो? हॅलो?" फोन कट.

दुसऱ्यांदा तिचा पहिला शब्द बाहेर पडला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सकाळी सकाळी कसली चेष्टा लावलीय?" फोन कट.

आईने फोन उचलून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर राग. हेच, हेच तर मी इतकी वर्षं टाळत आले, असं ती आवाज असता तर म्हणाली असती. छकुलीने मानेनेच फोन परत ठेवायला सांगितलं.

तिसऱ्यांदा तिने पलीकडून "बोला" यायच्या आतच श्वास घेऊन ठेवला होता. "थांबा," ती म्हणाली. "मी सावकाश बोलते. ठेवू नका."

फोन कट झाला नाही. मग जरा सांभाळून, "घरात दुसरं कुणी मोठं माणूस आहे का?"

"आहे. आई."

"त्यांना द्या जरा फोन."

"आईला बोलता येत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. शेवटी त्या माणसाने विचारलं, "मग तुमच्या घरात बोलतं कोण?"

"मी," छकुली म्हणाली.

शिंपीणबाई मशीनवर डोकं टेकून हसत होत्या. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. दुखत असणार, पण थांबवता येईना. पुढची बारा मिनिटं छकुलीने आपलं वय, पत्ता, वजन आणि अंघोळीची वेळ स्वतः सांगितली. पलीकडच्या माणसाने प्रत्येक गोष्ट लिहून घेतली आणि परत वाचून दाखवली.

शुक्रवारी मदतनीस बाई आल्या. उंच, रुंद, आणि आवाज मात्र शिट्टीसारखा बारीक. शिंपीणबाईंनी रात्रीच कपडे बेतायच्या खाकी कागदावर सूचना लिहून ठेवल्या होत्या. एकेचाळीस. कागद दाराएवढा लांब झाला होता. बाईंनी पहिल्या चार वाचल्या, कागदाची गुंडाळी केली आणि आदराने परत दिली.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या, आणि छकुलीकडे वळल्या. "ताई, तुम्हाला कसं उचललेलं आवडतं?"

छकुलीने श्वास घेतला, मान वळवली आणि हात कुठे धरायचे ते सांगितलं. हा प्रश्न तिला पूर्वी कुणी विचारलेला नव्हता.

त्या दोघी न्हाणीघरात गेल्या. शिंपीणबाई मशीनवर बसल्या, कान मात्र दाराकडे. धपकन काही पडल्याचा आवाज आला नाही. रडण्याचाही नाही. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला, एक शिट्टीसारखा आणि एक ओळखीचा. शिंपीणबाईंनी खाली पाहिलं तर त्यांनी सदऱ्याची बाही मनगटाशी शिवून बंद करून टाकली होती. त्यांनी ती उसवली. उसवताना त्यांना कळलं, की लेकीला नीट सांभाळलं जाणार नाही ही भीती कधीच विरून गेली आहे, आणि उरलं आहे ते वेगळंच काहीतरी. त्यात थोडी जळजळही होती. आवाज असता तर त्यांनी ते नाकारलं असतं.

चौदा दिवस संपले. डॉक्टरांनी "आ" म्हणायला लावलं, आणि आवाज परत आला. जरा खरखरीत, पण आला.

घरी येताच त्या म्हणाल्या, "तुला केस वाढवायचे आहेत असं त्या बाईंकडून कळतं मला. मला नाही का सांगायचंस?"

"सांगितलं होतं. सोळाव्या वर्षी. तू कापणारीला म्हणालीस, हिला बारीकच आवडतात."

"सोळा नाही, सतरा होतीस तू."

इथून जे भांडण सुरू झालं ते पाऊण तास चाललं. दोघींचं इतकं लांब भांडण आयुष्यात पहिलंच. एरवी छकुलीची बाजूही आईच मांडून टाकायची आणि भांडण दोन मिनिटांत मिटायचं. आज आईने दोनदा तिचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं आणि दोनदा स्वतःच मिटलं.

"लोक थांबायचे नाहीत गं," शेवटी आई म्हणाली. "तुझा पहिला शब्द येईपर्यंत ते निघून जायचे. तू बघत राहायचीस. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी पटकन बोलायचे. मग सवयच लागली."

छकुलीने मान वळवली. "ते समजलं," ती म्हणाली. "पण गोड का करून सांगायचीस?"

"तू त्या बसवाल्याला जे बोललीस, त्याने गिऱ्हाईक तुटलं असतं."

"तुटलं नाही."

हे खरं होतं. त्या चौदा दिवसांत बसचालक तीनदा येऊन गेला होता. शेवटच्या वेळी आणलेल्या शर्टात काही दोषच सापडेना, तरी तो वीस मिनिटं उभा होता.

आता मदतनीस बाई आठवड्यातून चार दिवस येतात. गिऱ्हाइकांशी बोलते छकुली, आणि ज्यांना घाई असते त्यांना आई बाकावर बसायला सांगते. आईची जीभ अजून अधूनमधून मध्ये घुसते. मग लेक नुसती तिच्याकडे बघते. दुपारी बाई असतात तेव्हा आई आतल्या खोलीत जाऊन तासभर आडवी होते. ती घोरते, असं लेक येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि सावकाश सांगत असल्यामुळे सगळ्यांना नीट समजतं.